त्या दिवशीचं लोखंड

एलिनॉर खोरं, बर्क्स परगणा
९ एप्रिल १८११

प्रिय एनॉक,

तुझं पत्र गुरुवारी दुपारी पोचलं. गिरणीवाला रीडिंगहून पीठ पोचवून परत येताना टपाल घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "डॉर्कसबाई, ओहायोचं आहे!" हातातलं लोणी तसंच टाकून मी धावले. अक्षर मी ओळखलंच नाही. साडेआठ वर्षांत माणसाचं अक्षरही बदलतं. तू लग्न केलंस, हल्डा नावाची सून आम्हाला मिळाली, पाच वर्षांची नात आहे, स्वतःची जमीन आहे, हे सगळं मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा चष्मा पुसावा लागला. वडील कसे आहेत, असं तू विचारलं आहेस. बाळा, ते राहिले नाहीत. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सोमवारी, भर दुपारी गेले. तुझा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता, नाहीतर त्याच दिवशी माणूस धाडला असता.

'तुझे वडील' असं लिहायला घेतलं की माझा हात अडखळतो. मला तो माझा धाकटा भाऊ, तीन वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन फिरले आहे. तेव्हा मी ग्रिफिथच म्हणते, रागावू नकोस. या पत्रात मला त्याच्याबद्दल जे लिहायचं आहे, ते वडील म्हणून लिहिताही येणार नाही.

तू पाहिलास तो मालक ग्रिफिथ मॅडॉक, उंच टोपीचा, सगळं खोरं ज्याला वाट देत असे तो. मी पाहिला तो हातोडेवाल्याचा मुलगा. आमचा बाप दुसऱ्याच्या लोहारखान्यात हातोडा हाणता हाणता बहिरा झाला आणि चाळिशीत मेला. ग्रिफिथने तेव्हाच ठरवलं की हातोडा दुसऱ्याचा असेल तोवर आपण माणूस नाही. डोंगराच्या कुशीतली ही भट्टी त्याने वयाच्या सव्विसाव्या वर्षी बांधायला घेतली. तळाचे दगड त्याने स्वतः वाहिले. इथले सगळे मालक भट्टीला बायकोचं नाही तर लेकीचं नाव देतात, तसं त्याने तुझ्या आईचं दिलं. पहिली आग एलिनॉरनेच घातली. तू तेव्हा चार वर्षांचा, माझ्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होतास. त्या दिवसापासून भाते सुरू झाले, आणि खोऱ्यात श्वास भरला. तुला आठवत असेल तो आवाज. मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा, आत, बाहेर, आत, बाहेर. इथली मुलं त्या आवाजावर झोपायची आणि तो क्षणभर अडला की रडत उठायची.

मग तू नऊ वर्षांचा असताना एलिनॉर तापाने गेली. तुला शवपेटी आठवत असेल, पण एक गोष्ट तुला कळली नसेल. पाद्रीबुवांनी ग्रिफिथला विचारलं होतं, "तासभर भाते थांबवता येतील का? प्रार्थना ऐकू येत नाही." तो म्हणाला, "नाही." सगळ्यांना वाटलं, काय पाषाणहृदयी माणूस आहे. त्या संध्याकाळी मी त्याला खूप बोलले. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "डॉर्कस, एक तर मातीत गेली. दुसरी मी विझू देणार नाही."  कामगार सकाळी एकमेकांना सांगायचे, "आज एलिनॉर चिडली आहे," "आज एलिनॉर गोड आहे," आणि मी पाहिलं की असं कुणी बोललं की तुझ्या बापाची मान वळायची, जणू ती अंगणातून येत होती.

हे सगळं सांगते कारण पुढचं त्यातूनच आलं. अठराशे दोन सालची शरदातली निवडणूक. ग्रिफिथने विधानसभेसाठी उभं राहायचं ठरवलं आणि त्याच उन्हाळ्यात भट्टीच्या तोंडाची कड सुटायला लागली. वर, जिथे पुलावरून ढकलगाडी आणून कोळसा आणि खनिजाचे दगड यांची भर आत ओततात, तिथे कडेच्या बांधकामातले दोन दगड ढिले झाले होते आणि त्यांच्यावर टाकलेली फळी खालून जळत होती. आपला मुख्य ओतारी म्हातारा मेल्किओर स्टाउख. तो तीनदा येऊन सांगून गेला. तिसऱ्या वेळी मी कॉफी देत होते, म्हणून मी स्वतः ऐकलं. मेल्किओर म्हणाला, "मालक, आग विझवा. थंड झाली की आठ दिवसांत बांधून देतो." ग्रिफिथ म्हणाला, "विझवलेली भट्टी पुन्हा धरायला दोन महिने जातात, हे तुला सांगायला हवं का? आणि थंड भट्टीच्या मालकाला मत कोण देईल?" मेल्किओर टोपी फिरवत उभा राहिला. "मत दगड देत नाहीत मालक, आणि पडायला लागले की थांबतही नाहीत." ग्रिफिथ हसला. "निवडणूक होऊ दे." मीही तेव्हा बोलले नाही. माझाही वाटा त्यात आहे, एनॉक, तो मी नाकारत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार तुला मी काय सांगू? तू वर होतास, मी स्वयंपाकघरात. पण तू जे साडेआठ वर्षं एकट्याने वाहिलंस ते ग्रिफिथकडून मला शेवटी पूर्ण कळलं आहे, हे तुला ठाऊक व्हायला हवं, म्हणून लिहिते. धुकं खोऱ्यात बसलं होतं आणि भट्टीचा धूर वर जायच्या ऐवजी पुलावर लोळत होता. भर घालणारा योस्ट कीफर गाडी घेऊन आला आणि तुला म्हणाला, "एनॉक, वारा फिरलाय. कड दिसत नाही. जरा थांबू." तू म्हणालास, "भर कमी पडतेय योस्ट, बाबा ओरडतील. जा." तो धुरात शिरला. तू वाट पाहिलीस. ना किंकाळी, ना धडपड, काही नाही. धूर हलला तेव्हा ढकलगाडी कडेला सरळ उभी होती, भरलेली, आणि फळी नव्हती. तू धावत खाली आलास. ग्रिफिथने तुला पहिलं काय विचारलं तेही मला माहीत आहे. "कुणी पाहिलं?" आणि नंतर, "तू पाठवलंस त्याला. लक्षात ठेव. तोंड उघडलंस तर फास तुझ्या गळ्यात." तू वीस वर्षांचा होतास. फळीबद्दल, मेल्किओरबद्दल तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्याने सगळीकडे सांगितलं की कीफर मुकादमाशी भांडून नदीपार निघून गेला. योस्ट तापट होता, दोनदा तसा गेलाही होता, लोकांना पटलं. मेल्किओरला मात्र पटलं नाही. त्याने त्या दिवशी दुपारी भट्टीचं खालचं तोंड फोडून रस सोडला तेव्हा, माझ्या डोळ्यांदेखत, त्याने डोक्यावरची टोपी काढली. वाळूत पाडलेल्या चरांतून लोखंड वाहत होतं. रोज ते नारिंगी असतं. त्या दिवशी पांढरं होतं, आणि त्याचा नेहमीचा सळसळ आवाज होत नव्हता. मेल्किओर म्हणाला, "मालक, आजचं पुरून टाका." ग्रिफिथने विचारलं, "का?" म्हातारा म्हणाला, "मला विचारता?" बस, एवढंच. ग्रिफिथने ते लोखंड खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या मोठ्या शेगड्यांच्या पत्र्यांच्या साच्यांत ओतायला लावलं, पत्रे दलालाकडे गेले, आणि ऑक्टोबरात तुझा बाप निवडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी खोली रिकामी होती.

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते आता सांगते. वर भर घालणारी माणसं टिकेनात. कड बांधली होती, नवी फळी टाकली होती, तरी टिकेनात. ती म्हणायची, दुपारी बारा वाजता ढकलगाडी कडेला उभी सापडते, भरलेली, आणि आणणारा कुणी नसतो. मी म्हटलं, दारू चढते मेल्यांना. मग एकदा मी स्वतः गेले. स्वच्छ ऊन होतं. सगळे खाली जेवायला बसले होते, मी डोकी मोजली, एकही कमी नव्हता. पुलावर कुणी नाही. आणि गाडीचं चाक कुरकुरत होतं. मी कडेपर्यंत गेले नाही. ते धाडस मला झालं नाही. एक एक करून माणसं दुसऱ्या खोऱ्यांत गेली, मेल्किओर त्याच्या लेकीकडे गेला, आणि पाच साली एलिनॉर विझली. भाते थांबले त्या दिवशी कुत्री भुंकायची थांबली. त्या पहिल्या हिवाळ्यात हातभर बर्फ पडलं. छपरावर, कुंपणावर, पुलावर, सगळीकडे बसलं. थंडगार भट्टीच्या तोंडावर मात्र बसेना. काळं, ओलं, गोल तोंड तसंच उघडं राहायचं. सगळं खोरं ते पाहायचं आणि कुणी बोलायचं नाही.

ग्रिफिथ हिवाळाभर राजधानीत, लँकेस्टरला, विधानसभेत असायचा. तिथे त्याचं नाव झालं, हेही तुला सांगितलं पाहिजे. भात्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून कमावलेला गळा त्याचा, तो उठला की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूसही जागा व्हायचा. रस्त्यांसाठी भांडला, नदीवरच्या पुलासाठी भांडला, दर ऑक्टोबरात निवडून आला. पण त्याची पत्रं मला यायची ती वेगळीच. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं होतं की सभागृहात नवी शेगडी बसवली आहे, तिच्या पत्र्यावर 'एलिनॉर भट्टी' असं नाव आणि १८०२ साल कोरलेलं आहे, आणि बाकांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा त्याचा बाक नेमका तिच्याशेजारी आला. मी उत्तर धाडलं, छान झालं, ऊब मिळेल. मला काय माहीत होतं? त्याने ओळखलं होतं. त्या साच्यांचं लोखंड त्या एकाच दिवशी ओतलं गेलं होतं.

त्याने बाक बदलून मागितला. मिळाला नाही. शेगडी हलवा म्हणाला, तर लोक हसले. "मॅडॉकसाहेब, तुमच्याच घरची लेक, तिचा कसला कंटाळा?" एका पत्रात त्याने लिहिलं, "डॉर्कस, सगळे कोट काढून बसतात आणि मी दातखीळ बसून बसतो. लोखंड तापताना टिकटिकतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. हे टिकटिकत नाही. हे कुरकुरतं, चाकासारखं, आणि माझं नाव पुकारलं की थांबतं." मी ते पत्र चुलीत घातलं. पुढच्या जानेवारीत त्याला गरम मोजे द्यायला म्हणून लँकेस्टरला गेले आणि सभा उठल्यावर शेगडीजवळ जाऊन हात लावला. आत आग रसरसत होती. तीन बाजूंना बोट टेकवत नव्हतं. चौथी बाजू, ग्रिफिथच्या बाकाकडची, विहिरीच्या दगडासारखी थंड होती. मी हात झग्याला पुसला आणि त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तेव्हाच सुटला असता का, कोण जाणे.

आणि मग प्लोनी आली. योस्टची बायको अपोलोनिया, तिला सगळे प्लोनीच म्हणायचे, तुला आठवेल. सहा वर्षं ती रोज दुपारी नदीच्या रस्त्याला जाऊन उभी राहायची. आधी बायका हळहळायच्या, नंतर हसायला लागल्या. "आला का गं तुझा?" नवऱ्याने टाकलेली म्हणून तिला कुणी लग्नाकार्याला बोलवेना. आठ सालच्या डिसेंबरात ती आपल्या घरी आली, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेला अर्ज घेऊन. बाल्ट्झर नावाचा विधुर चाकं करणारा तिला मागणी घालत होता, भला माणूस, पदरी तीन पोरं. त्यासाठी तिला घटस्फोट हवा होता, तो इथे विधानसभाच देते, आणि तिचा प्रतिनिधी ग्रिफिथ. मी तिच्यापुढे पाव आणि सफरचंदाचा मुरंबा ठेवला, तिने खाल्लं नाही. ती म्हणाली, "साहेब, यात लिहिलंय की योस्ट मला टाकून गेला. अंगठा उठवला मी. भांडायचा तो, ताट फेकायचा. पण संध्याकाळी परत यायचा. टाकून जाणारा नव्हता हो. पण सहा वर्षं झाली, दुसरं काय लिहू?" ग्रिफिथने कागद घेतला. मी त्याचा चेहरा पाहिला, आणि एनॉक, मला त्या क्षणी कळलं. काय झालं ते नाही कळलं, पण कुणामुळे झालं ते कळलं.

जानेवारीत मी आणि प्लोनी बर्फगाडीने लँकेस्टरला गेलो. कठड्यामागे लोकांत उभ्या राहिलो. सकाळचे अकरा वाजले असतील, खिडक्यांतून बर्फाचा उजेड आत येत होता. अध्यक्ष म्हणाले, "मॅडॉक, अर्ज वाचा." तो उठला. तो गळा, ज्यावर सगळा परगणा भाळला होता, त्या गळ्यातून कसाबसा आवाज निघाला. तो वाचत वाचत 'उपरोक्त योस्ट कीफर आपल्या पत्नीस टाकून निघून गेला' इथवर आला आणि थांबला. पुन्हा तीच ओळ वाचायला गेला. पुन्हा थांबला. मग त्याने शेगडीकडे मान वळवली, जणू कुणी खांद्यावर हात ठेवला होता. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "हिला घटस्फोट नको. ही विधवा आहे. तिचा नवरा माझ्या भट्टीत पडून मेला. कड सुटली होती. मला तीन वेळा सांगितलं होतं. मी विझवली नाही. माझा मुलगा वर होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याच्यावर ढकललं आणि तो देशोधडीला लागला."

 मग चेस्टरकडचा एक सभासद, टिंगलखोर माणूस, अवघडून हसत म्हणाला, "मॅडॉक, पण पुरावा? प्रेत कुठे आहे?" ग्रिफिथने हात लांब करून तळवा शेगडीवर ठेवला आणि म्हणाला, "हे." त्याने तो काढला नाही. कुणीतरी ओरडलं, दोघांनी त्याला ओढून बाजूला केलं. तळहातावर फोड नव्हता. बर्फात तासभर पुरलेल्या हातासारखा तो पांढरा पडला होता. एवढ्यात प्लोनी माझ्या शेजारून निघाली होती. तिने कठडा उघडला, रखवालदाराने तिला अडवलं नाही. ती चालत शेगडीपर्यंत गेली आणि तिनेही त्याच बाजूला हात लावला, आणि चटका बसून झटकन मागे घेतला. बोटं लाल झाली. ती रडली नाही. परत येताना बर्फगाडीत, अर्ध्या वाटेत, ती एकदाच बोलली. "डॉर्कसबाई, त्याचे हात असेच गरम असायचे."

पुढे जे व्हायचं ते झालं. ग्रिफिथने राजीनामा दिला. पंचांनी चौकशी केली आणि सोडून दिलं, साक्षीदार एकटा तू, आणि तू कुठे होतास कुणालाच माहीत नाही. काही लोक त्याला तोंडावर खुनी म्हणाले, काही म्हणाले वेडा झाला. प्लोनीने एकच मागितलं. शेगडी. सभेने ती आनंदाने दिली, त्यांनाही ती नकोशी झाली होती. बाल्ट्झरने ती बोल्ट काढून सुटी केली, दहाही पत्रे त्याने स्वतः ठोकलेल्या पेटीत ठेवले, आणि ती पेटी उचलायला आठ माणसं लागली. दफनभूमीच्या दारात पाद्रीबुवा आडवे आले. "शेगडीला मूठमाती? असं कुठे लिहिलेलं नाही." प्लोनी म्हणाली, "बायबलातले तिघं भट्टीतून सहीसलामत बाहेर आले, ही गोष्ट तुम्हीच सांगता ना दरवर्षी? माझा नाही आला बाहेर. आता त्याला तुम्ही आत घेणार आहात की नाही?" त्यांनी दार उघडलं. ग्रिफिथ कुंपणाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. प्लोनीने त्याला आत बोलावलंही नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. त्याच आठवड्यात बर्फ पडलं. सकाळी मी खिडकी उघडली तर भट्टीच्या तोंडावर पांढरा थर बसला होता, सगळ्या जगावर बसतो तसा. प्लोनीने वसंतात बाल्ट्झरशी लग्न केलं. तिला आता एक मुलगी आहे.

ग्रिफिथ त्यानंतर दोन वर्षं जगला. कुणाशी फारसं बोलायचा नाही. रविवारी जेवण झालं की टेबलाशी बसायचा, कागद पुढे ओढायचा आणि लिहायचा. मला वाटायचं जमाखर्च असेल. तो गेल्यावर मी खण उघडला. शंभरावर कागद होते. प्रत्येकावर वर 'प्रिय एनॉक' एवढंच, आणि खाली कोरं. सभेपुढे बोलला, पंचांपुढे बोलला, प्लोनीपुढे बोलला. तुझ्यापुढे मात्र त्याला दुसरा शब्द सापडला नाही.

तर बाळा, आता तू विचारलेलं. तू लिहितोस की तीन मार्चपासून तुमच्या मक्याच्या शेतापलीकडे, ओढ्याच्या कुंपणाशी, रोज दुपारी एक उंच म्हातारा येऊन उभा राहतो. तपकिरी कोट, बोडकं डोकं. ओरडलास तर उत्तर देत नाही, जवळ गेलास तर तिथे नसतो, आणि चिखलात पाऊल उमटत नाही. हल्डा घाबरते, पण तुझ्या लेकीने हात केला तर त्यानेही केला. तू बोललास की तो मान वळवून डावा कान तुझ्याकडे करतो, भात्यांपायी उजवा कान गेलेला तुझा बाप करायचा तसा, ते पाहून तुला त्याची आठवण झाली आणि इतक्या वर्षांनी तू कागद हाती घेतलास. एनॉक, तपकिरी कोटातच आम्ही त्याला ठेवला. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, "डॉर्कस, ओहायो पायी किती दिवस?" मी उशी सारखी करत म्हटलं, "वीस तरी, चालणारा दमदार असेल तर." त्याने मान हलवली, निघायच्या बेतात असल्यासारखी. अकरा फेब्रुवारीपासून तूच मोज. त्याला जे सांगायचं आहे ते त्याला सांगता येत नाही, जिवंतपणी आलं नाही ते आता कुठून येणार? म्हणून ते मी लिहिलं आहे. योस्ट कीफर तुझ्यामुळे मेला नाही. हे पत्र मिळालं की ते घेऊन दुपारी कुंपणाशी जा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच, त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून, म्हणजे त्याला कळेल की तुला कळलं. त्यानंतर त्याला 'ये' म्हणायचं की 'जा', ते मी सांगणार नाही. मी त्याची बहीण आहे, माझं उत्तर तुला ठाऊक आहे. पण तो हक्क तुझा आहे.

हल्डाला आशीर्वाद, आणि नातीचं नाव तू लिहायचं विसरलास, ते कळव.

तुझीच,
डॉर्कस आत्या